मदत हवी आहे: राष्ट्रीय ज्युनिअर बेसबॉल स्पर्धा, कोरोनाची तिसरी लाट आणि बारावीची प्रॅक्टिकल्स. मुलीला पाठवावं का?

कोथरूडची_आई (१२ जानेवारी २०२२)

नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. ती पिचर आहे, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी. ज्युनिअर गटाच्या राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धेसाठी राज्याच्या संघात तिची निवड झाली आहे. स्पर्धा परराज्यात, जानेवारीच्या अखेरीस, आणि ५ फेब्रुवारीला परत यायचं. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. मागचे दोन हंगाम कोरोनात गेले. या काळात ती सोसायटीच्या गच्चीवर जाळी बांधून एकटी चेंडू टाकत राहिली. मला त्या मेहनतीचं काहीतरी व्हायला हवं आहे, हे आधीच सांगते.

आता अडचण. १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारीला सुरू झालं आणि तिने पहिल्याच दिवशी डोस घेतला. कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस २८ दिवसांनी, म्हणजे ३१ तारखेच्या आधी नाहीच. तेव्हा ती तिथे असेल, एकाच डोसवर. बारावीची प्रॅक्टिकल्स १४ फेब्रुवारीपासून आहेत. परत येताना किंवा आल्यावर पॉझिटिव्ह निघाली तर सात दिवस विलगीकरण. गणित किती घट्ट बसतं ते बघा. घरात सासूबाई आहेत, वय ७४, मधुमेह आहे.

त्यातच राज्याचा ८ तारखेचा आदेश. आधी ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा प्रेक्षकांविना, बायो-बबलमध्ये (बाहेरच्यांशी संपर्क न ठेवता), दर तीन दिवसांनी चाचणी करून घेता येतील, पण शहर आणि जिल्हा पातळीवरची शिबिरं, स्पर्धा बंद. म्हणजे सराव शिबिर रद्द. मुली एकमेकींबरोबर एकही दिवस न खेळता थेट सामन्याला उभ्या राहणार.

संघासोबत जाणाऱ्यांना फोनवर विचारलं. "सगळी काळजी घेऊ" एवढंच उत्तर मिळालं. लेखी काही नाही. मुली कुठे राहणार, एका खोलीत किती जणी, कुणी पॉझिटिव्ह निघाली तर तिच्यासोबत कोण थांबणार, काहीच कळत नाही.

ज्यांनी या काळात मुलांना स्पर्धेला पाठवलंय, किंवा ज्यांना वैद्यकीय बाजू माहीत आहे, त्यांनी कृपया सांगा. पाठवावं का? आणि पाठवायचं तर नक्की काय काय विचारून घ्यावं?

टेकडीवरचा_वारा

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नका पाठवू. पुण्यातले रोजचे आकडे बघताय ना? शाळा परत बंद झाल्या. बारावीचं वर्ष पुन्हा येत नाही. खेळ पुढेही होईल.

कोथरूडची_आई

राग कसला. माझे दीर अगदी हेच म्हणतात. पण ज्युनिअर गटसुद्धा पुन्हा येत नाही, हेही तितकंच खरं आहे. म्हणूनच विचारते आहे.

हडपसर_दवाखाना

मी जनरल प्रॅक्टिस करतो. पाठवा किंवा नका पाठवू हे मी सांगणार नाही, धोका कुठे आहे ते सांगतो.

मैदानात तो सगळ्यात कमी. बेसबॉलमध्ये बॅटर, कॅचर आणि अंपायर हे तिघंच एकमेकांच्या अगदी जवळ असतात. बाकीच्या खेळाडू मोकळ्या हवेत लांब लांब उभ्या. पिचर तर मधोमध एकटीच. खरा धोका बंद खिडक्यांची बस, एकत्र जेवणाचा हॉल, दहा-बारा गाद्या टाकलेली खोली आणि डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेत, खेटून बसणं यांत आहे. तुम्ही विचारलेला खोलीचा प्रश्न म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा. एका खोलीत दोघी-तिघी, खिडक्या उघड्या, आणि त्याच दोघी-तिघी जेवायला एकत्र. एवढं झालं तरी बाधा झाल्यास ती पूर्ण संघात पसरण्याची शक्यता कमी होते.

पिचरसाठी एक विशेष. बोटं ओठांना लावून ओली करायची सवय असेल तर आजच मोडा. २०२० मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगने थुंकण्यावर बंदी घातली होती आणि पिचरला खिशात ओलं फडकं ठेवायची मुभा दिली होती. तुम्ही मात्र पंचांना आधी विचारून घ्या.

विलगीकरणाबद्दल: केंद्राच्या ५ जानेवारीच्या सूचनांप्रमाणे सौम्य आजारात पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. तिथे असताना पॉझिटिव्ह निघाली तर ती संघासोबत परत येऊ शकणार नाही. अल्पवयीन मुलीसोबत मोठं माणूस लागेलच. ते कोण, हे आजच ठरवा. मी तर म्हणेन तुम्ही किंवा तिचे बाबा तयारीत राहा, दुसऱ्यांवर सोडू नका.

सासूबाईंचा दुसरा डोस गेल्या मार्च-एप्रिलमध्ये झाला असेल तर त्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, मिळेल. १० तारखेपासून सुरू झालाय, दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवडे लागतात. मुलगी निघायच्या आधी घेऊन टाका. ती परत आल्यावर पाच-सात दिवस वेगळी खोली, वेगळं जेवण, मास्क. घरी करायच्या टेस्टचं किट मेडिकलमध्ये मिळतं. पण लक्षणं असतील आणि किट निगेटिव्ह दाखवत असेल तर त्यावर विसंबू नका, आरटीपीसीआर करा.

पुणे_ते_कोबे

मी जपानी शिकवते, काही वर्षं तिकडे राहून आले आहे. माझ्याकडे थेट सल्ला नाही, पण तिकडे काय झालं ते तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं.

जपानमध्ये कोशिएनची शालेय बेसबॉल स्पर्धा किती मोठी, हे इथे कल्पनेत यायचं नाही. २०२० मध्ये वसंतातली आणि उन्हाळ्यातली, दोन्ही रद्द झाल्या. शेवटच्या वर्षाची मुलं टीव्हीवर रडताना बघवत नव्हती. मग वसंतातल्या स्पर्धेसाठी निवडलेल्या ३२ संघांना ऑगस्टमध्ये कोशिएनच्या मैदानावर प्रत्येकी एक सामना खेळायला दिला. बाद फेरी नाही, विजेता नाही. त्या मुलांना त्या मातीवर एकदा उभं राहता यावं एवढ्यासाठी.

२०२१ मध्ये उन्हाळी स्पर्धा झाली, आणि ती बघून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मियाझाकी शोग्यो या शाळेच्या संघात बरेच जण बाधित निघाले आणि त्यांना न खेळताच माघार घ्यावी लागली. तोहोकू गाकुइनने पहिला सामना जिंकला होता, तरी त्यांनी माघार घेतली. बाधित एकच होता. उरलेला संघ खेळला असता तर कोण गैरहजर आहे यावरून तो मुलगा ओळखू आला असता आणि सगळा दोष त्याच्या माथी आला असता. त्याला जपण्यासाठी संघ घरी गेला.

ताई, म्हणून माझी विनंती. नियम विचारालच, पण हेही विचारा की एखादी मुलगी पॉझिटिव्ह निघाली तर तिचं नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणार नाही ना. सतरा वर्षांच्या मुलीला "तुझ्यामुळे सगळे बाहेर पडले" हे ऐकावं लागलं तर ते आजारापेक्षा जास्त दिवस टिकतं.

आणि तुमच्या लेकीला एक सांगा. २०२१ च्याच ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन साथीत, मुलींच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्यांदाच कोशिएनवर झाला. कोबे कोर्यो गाकुएनने कोची चुओला ४-० हरवलं.

मैदानवाला

सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. कोरोनाबद्दल डॉक्टरसाहेबांनी उत्तम लिहिलं. मला काळजी वेगळीच आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. खांदा आणि कोपर.

शिबिर बंद, सामन्यांचा सराव नाही. गच्चीवर जाळीत टाकणं आणि समोर बॅटर उभी असताना सात डाव टाकणं यात फार फरक आहे. आणि सध्या स्पर्धा कमी दिवसांत उरकायच्या म्हणून लागोपाठ सामने ठेवतात. संघात चांगल्या पिचर दोनच असतील तर त्यांनाच रोज उभं करतील. मी हे होताना पाहिलं आहे. अशा मुली पदक घेऊन येतात आणि पुढे सहा महिने हात वर जात नाही.

अमेरिकेच्या मार्गदर्शक नियमांत १७-१८ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू दिले आहेत, १५-१६ ला ९५. हे आकडे पूर्ण हंगाम तयारी केलेल्यांसाठी. तुमच्या मुलीने या स्पर्धेत ९५ च्या वर जाऊच नये, आणि ७५ च्या वर टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. तिकडे पहिल्या बेसवर खेळवा हवं तर. जपानमध्येसुद्धा आता एका पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आहे, आणि मला तीही जास्तच वाटते. प्रशिक्षकांना हे निघायच्या आधी, शांतपणे, मोजणीची वही हातात घेऊन सांगा. सामन्याच्या दिवशी कुणी ऐकत नाही.

उरलेल्या दिवसांत गच्चीवर एक दिवसाआड टाकू दे. आज ३०, मग ४०, मग ५०, आणि निघण्याच्या तीन दिवस आधी थांबवा. पळायला टेकडीवर, एकटीने किंवा बाबांबरोबर. दुसरा डोस घेईल तेव्हा टाकायच्या हाताला घेऊ नका.

टेकडीवरचा_वारा

मैदानवाला काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. ताई, माझं मत अजून "नको" असंच आहे, पण पाठवणारच असाल तर प्रॅक्टिकल्सचं कॉलेजला आत्ताच लेखी कळवून ठेवा. आजारी पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची काय सोय आहे ते विचारा. तोंडी उत्तरावर राहू नका.

कोथरूडची_आई (१५ जानेवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघं बसून सगळे प्रतिसाद वाचले. कोबेच्या सामन्याचं वाचून तिने लगेच फोनवर त्याची चित्रफीत शोधली.

संघासोबत जाणाऱ्यांना सविस्तर मेल केला होता. उत्तर आलं, आणि बऱ्यापैकी नीट आलं. एका खोलीत तिघी. निघण्याआधी आरटीपीसीआर. पॉझिटिव्ह निघालेल्या मुलीचं नाव फक्त तिच्या घरच्यांना कळवणार, हे त्यांनी लेखी मान्य केलं. चेंडूंच्या मर्यादेवर प्रशिक्षक म्हणाले, "बघू." त्यावर मी थांबणार नाही, मुलीचे बाबा उद्या त्यांना भेटायला जात आहेत. बाबा त्याच गावात वेगळं राहणार आहेत, सुट्टी मंजूर झाली आहे. सासूबाईंना डोस मिळाला. कॉलेजच्या उत्तराची वाट बघतोय, ते नकारार्थी आलं तर पुन्हा विचार करावा लागेल. तोवर आमचं उत्तर हो आहे.

आता एक छोटी मदत. हेल्मेट आणि बॅट प्रत्येकीने स्वतःची आणायची आहे, कुणाची कुणी वापरायची नाही. बॅट आहे. बॅटिंग हेल्मेट आजवर संघाचंच वापरत आली. नवीन मागवलं तर वेळेत पोचेल याची खात्री दुकानदार देत नाही. पुण्यात कुणाकडे मुलींच्या मापाचं, दोन्ही कान झाकणारं हेल्मेट पडून आहे का? कुठेही येऊन घेऊन जाऊ.

मैदानवाला

माझ्याकडे दोन आहेत. मध्यम मापाचं बहुधा बसेल. आतला स्पंज जुना झालाय, तो मी बदलून ठेवतो. सोमवारी संध्याकाळी पाचनंतर सहकारनगरला या. मुलीला सोबत आणा, केस बांधूनच घालून बघायला सांगा.