बिलावरच्या आरोग्य अधिभाराचा हिशेब गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे का?

खाडीकाठ (मूळ लेखन):

सॅन फ्रान्सिस्कोत बाहेर जेवणाऱ्यांनी बिलाच्या तळाशी ‘एसएफ मँडेट’ (शहराची सक्ती) किंवा तशाच नावाची अधिभाराची, म्हणजे किमतीवर वेगळ्या लावलेल्या रकमेची, ओळ पाहिली असेल. गेल्या शनिवारी आमच्या ८४ डॉलरांच्या जेवणावर ५ टक्क्यांनी ४ डॉलर २० सेंट या नावाखाली लागले आणि त्यावर विक्रीकरही चढला. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर, ॲलर्जीच्या सूचनेखाली, ही रक्कम कर्मचाऱ्यांच्या आरोग्यसेवेसाठी असल्याचे बारीक अक्षरांत छापले होते. ती तिथवर पोचते का, हे मात्र पैसे भरणाऱ्याला कुठेच पाहता येत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. शहराने २००६ मध्ये आरोग्यसेवा सुरक्षा कायदा केला आणि २००८ पासून तो लागू झाला. वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या मालकाने पात्र कर्मचाऱ्याच्या कामाच्या दर तासामागे ठरावीक रक्कम त्याच्या आरोग्यावर खर्च केली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. गोल्डन गेट रेस्टॉरंट असोसिएशन ही उपाहारगृहांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. २००८ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दरम्यान अनेकांनी हा बोजा अधिभार लावून गिऱ्हाइकाकडे सरकवला होता. अधिभार घ्यावाच अशी सक्ती कायद्यात कुठेही नाही, तरी ‘मँडेट’ या शब्दामुळे तो सरकारी कर वाटतो.

२०१२ मध्ये नागरी ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, हे अधिभार बंद करण्याची शिफारस केली. जानेवारी २०१३ मध्ये शहराचे वकील डेनिस हेरेरा यांनी, या नावाने गोळा केलेला पैसा कर्मचाऱ्यांवर खर्च न केल्याच्या संशयावरून, अनेक उपाहारगृहांची चौकशी जाहीर केली. तळे राखील तो पाणी चाखील, हे आपण फार सहज मान्य करतो. अधिभार ठेवायचा असेल, तर गेल्या वर्षी किती जमले आणि किती खर्च झाले, हे दोन आकडे प्रत्येक उपाहारगृहाने दारावर लावावेत, असे माझे मत आहे.

भटारखाना:

मी एका मध्यम उपाहारगृहात भागीदार आहे, तेव्हा माझी बाजू कोणती हे आधीच सांगतो. देखरेखच नाही, असे जे चित्र आपण उभे केले आहे ते अपुरे आहे. २०१२ पासून नियम असा आहे की अधिभारातून जमलेली रक्कम आरोग्यखर्चापेक्षा जास्त भरली, तर वरची रक्कम मालकाला परत घेता येणार नाही अशा रीतीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठीच द्यावी लागते. शहराच्या कामगार मानके अंमलबजावणी कार्यालयाला दरवर्षी विवरणपत्रही द्यावे लागते. भाडे, पगार आणि माल यांचे पैसे चुकवल्यावर आमच्या हातात फार थोडे उरते. हीच रक्कम पदार्थांच्या किमतीत मिसळली, तर एकोणीस माणसांवर चालणाऱ्या आणि म्हणून या कायद्यातून सुटलेल्या शेजाऱ्यापेक्षा आमचे मेनूकार्ड महाग दिसते. वेगळी ओळ छापून आम्ही भाव कशामुळे वाढला ते उघडपणे सांगतो.

रात्रपाळी:

२०१२ च्या नियमाआधी मी एका उपाहारगृहात टेबले सांभाळत होते. ती ओळ असलेली बिले रोज मीच छापून टेबलावर ठेवायचे. “हे पैसे तुम्हालाच मिळतात ना?” असे गिऱ्हाईक विचारायचे आणि मी हो म्हणायचे. माझ्या नावे आरोग्यखर्च भरून देणारे एक खाते मालकाने ठेवले आहे, हे मला दाढेचे रूट कॅनाल होऊन गेल्यावर स्वयंपाकघरातल्या सहकाऱ्याकडून कळले. पावती घेऊन गेले, तेव्हा दातांचा उपचार यात बसत नाही असे सांगण्यात आले. नोकरी सोडताना उरलेली रक्कम मालकाकडेच राहिली. २०१४ च्या दुरुस्तीने पैसे परत घेण्याची ही वाट टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०१७ पासून सक्तीचा सगळाच खर्च परत न घेता येणारा झाला, हे फार चांगले झाले. तरीही भटारखाना म्हणतात ते विवरणपत्र मालक भरतो. त्यात लिहिलेले खरे आहे की नाही, हे कर्मचाऱ्याला कोण विचारतो?

ताळेबंद:

मी हिशेबनीस आहे. खरी मेख अशी की मालकाचे देणे कामाच्या तासांवर ठरते आणि अधिभार विक्रीवर लागतो. ही दोन मापे एकमेकांशी जुळणे हा निव्वळ योगायोग असतो. २००८ चा मध्यम मालकांचा (वीस ते नव्याण्णव माणसे असलेल्यांचा) दर घेऊ: तासाला १ डॉलर १७ सेंट. तीस माणसे आठवड्याला तीस तास काम करत असतील, तर वर्षाचे ४६,८०० तास आणि ५४,७५६ डॉलर देणे होते. ४ टक्के अधिभाराने १५ लाखांच्या विक्रीवर ६०,००० डॉलर जमतात, म्हणजे ५,२४४ वर उरतात. विक्री १२ लाख असेल, तर ४८,००० जमतात आणि ६,७५६ मालकाच्या खिशातून जातात. म्हणून धंदा जोरात चालला की वर रक्कम उरणारच, मालक कितीही सचोटीचा असो, आणि तपासणी नेमकी अशा वर्षांची व्हायला हवी.

कोथरूडकर:

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. गिऱ्हाइकाच्या बिलाशी त्याचा संबंध येत नाही. सेवाशुल्काच्या सक्तीलाही दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मनाई केली. पदार्थाची किंमत एकच असावी, या मताचा मी आहे.

भटारखाना:

ताळेबंद यांचा हिशेब मला मान्य आहे आणि म्हणूनच दारावर आकडे लावण्यास माझा विरोध आहे. जमलेल्या रकमेला टक्क्यांनी भागले की आमची वर्षाची विक्री कोणालाही काढता येते. ती घरमालकाला आणि स्पर्धकाला कळावी असे कोणत्या दुकानदाराला वाटेल?

खाडीकाठ:

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो योग्य आहे. मग रकमा नकोत, जमलेल्या दर डॉलरातले किती सेंट आरोग्यावर गेले एवढेच लावावे. त्यातून विक्री कळत नाही. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने उपाहारगृहांना असे अधिभार ठेवण्याची मुभा दिली, ती मेनूवर हेतू ठळकपणे सांगण्याच्या अटीवर. हेतू छापता येतो तिथे हा एक आकडाही छापता येईल.

रात्रपाळी:

दारावर जे लावायचे ते लावा. माझी मागणी वेगळी आहे: मालकाने माझ्या आरोग्यासाठी किती भरले, त्यातले किती शिल्लक आहे आणि ते कुठे मागायचे, हे दर पगाराच्या पावतीवर छापले जावे. ते तेव्हा छापलेले असते, तर दाढ दुखू लागली त्याच आठवड्यात मी विचारले असते.