रविवारच्या वर्गाचा पियानो: 500 पौंडांत काय बसतं? (शुक्रवारपर्यंत)

प्रेषक: संगीतवर्ग (ताई) / सोमवार, रात्री 9.40

मंडळी,

समितीने मंडळाच्या नव्या डिजिटल पियानोसाठी 500 मंजूर केलेत, स्टँड, पेडल, कव्हर सगळं धरून. शुक्रवारी ऑर्डर गेली तर पुढच्या रविवारच्या आत वाद्य हातात येईल. जुन्या 61 पट्ट्यांच्या कीबोर्डाचं काय करायचं हा विषय इथे नको, तो बैठकीत झालाय.

वर्गात सात मुलं अगदी कोरी, चौघं ग्रेड 2-3 मध्ये आणि दोघी यंदा एबीआरएसएमच्या (ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळ) ग्रेड 5 ला. परीक्षेला डिजिटल चालतो, पण पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) हव्यात, दाब ओळखणाऱ्या हव्यात आणि सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) हवं. म्हणजे 61 बाद.

माझी निवड रोलँड एफपी-10. चारशेच्या आसपास. त्याच किमतीचा यामाहा पी-145 वजनाला किलोभर हलका आणि बोटांनाही हलका, कोऱ्या मुलांना तो लगेच आवडेल. पण एफपी-10 च्या पट्टीखाली तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा वाजतो. ग्रेड 5 ला एकच सूर हळू आवाजात भराभर वाजवायची वेळ येते, तिथे हे कामी येतं. जड पट्टीवर शिकलेला हात हलक्या पट्टीवर चालतो, उलटं होत नाही.

हरकत असेल तर बुधवारपर्यंत सांगा.

प्रेषक: नाना (साउंड) / सोमवार, रात्री 10.15

हरकत आहे. एफपी-10 ला लाइन आउट (मिक्सरला आवाज द्यायचं वेगळं भोक) नाही. फक्त हेडफोनचं भोक, तेही 3.5 मिमीचं. पाडव्याच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच होणार.

तेच म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवतो, कारण अजूनही "मिक्सर खराब होता" असं ऐकू येतं. मिक्सर ठणठणीत होता. हेडफोनची पिन स्टिरिओ असते: टोकाला डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरच्या बॅलन्स्ड (वायरीत शिरलेली घरघर वजा करून टाकणाऱ्या) इनपुटला तशीच तीन भागांची पिन लागते, पण तो कड्यावरचा सिग्नल टोकावरच्यातून वजा करतो. सरळ वायर लावली की डाव्यातून उजवा वजा. दोन्हीकडे सारखं आहे ते सगळं गायब, उरतो तो डब्यातून आल्यासारखा पोकळ आवाज. फेडर (आवाजाची सरकपट्टी) कितीही वर न्या, पियानो भरत नाही. शिवाय हेडफोनमध्ये पिन गेली की वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद, म्हणजे वाजवणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही आणि मग स्टेजवरून हातवारे सुरू.

लाइन आउट असलेलं घ्या. एफपी-30एक्स, यामाहा पी-225, कॅसिओ पीएक्स-एस1100, कावाई ईएस120, चौघांनाही आहे.

प्रेषक: संगीतवर्ग (ताई) / सोमवार, रात्री 10.32

नाना, हे वर्गाचं वाद्य आहे. वर्षात चाळीस रविवार ते वर्गात असतं आणि दोनदा स्टेजवर. दोन दिवसांसाठी मुलांनी काय शिकावं ते मिक्सरने ठरवायचं?

आणि तुम्ही सांगितलेले चारही 500 च्या पार जातात, किंवा पाचशेला टेकून पेडल-स्टँडला काही ठेवत नाहीत.

प्रेषक: खजिनदार / मंगळवार, सकाळी 7.50

पैसे "वाद्य" या सदरातून आहेत, "वर्ग" या सदरातून नाहीत. म्हणजे दोन्हींसाठी. एवढंच नोंदवतो.

दुसरं, हॉलवाले यंदा प्रत्येक विजेच्या वस्तूवर पॅट टेस्टचं (विजेच्या सुरक्षिततेची तपासणी) स्टिकर मागताहेत. अडॅप्टर मूळ कंपनीचा हवा, जुळवाजुळव केलेला नको.

प्रेषक: पेटीवाले काका / मंगळवार, सकाळी 8.20

वेटेड पट्ट्यांचा एवढा आग्रह का? साथीला बसणाऱ्यांमध्ये पेटीवर तयार झालेले हातच जास्त. पेटीची पट्टी बोटाच्या वजनाने खाली जाते. त्या सवयीने एफपी-10 वर द्रुत तानेची साथ करायला बसलं की दहा मिनिटांत मनगट भरून येतं, आणि निम्मे सूर नीट न दाबल्याने पुसट वाजतात. साथीला पियानो हवाच असेल तर ताईंनीच नाकारलेला पी-145 बरा.

खरं तर साथीसाठी भारतीय बाजारासाठी काढलेला यामाहा पीएसआर-आय500 आणावा. 61 पट्ट्या, तबला-तानपुरा आत, रियाजाची सोय आत. पियानोत यातलं काही नसतं.

आणि ताईंना एक प्रश्न: गायिका काळी चारमध्ये (सा चौथ्या काळ्या पट्टीवर) गाणार, पियानो शिकलेल्या मुली वाजवणार पांढरी एकमध्ये (सा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर). ट्रान्सपोज (पट्ट्या त्याच, सूर वर-खाली) आठ घर वर जातो का? माझ्या माहितीप्रमाणे नाही जात.

प्रेषक: दादा (वेबसाइट) / मंगळवार, दुपारी 12.45

काका, आठ वर जात नाही, पण गरजही नाही. बहुतेक पियानोंत वर पाच-सहा आणि खाली सहा एवढीच मर्यादा असते. पांढरी एकपासून काळी चार आठ वर आहे, म्हणजेच चार खाली. ट्रान्सपोज उणे 4 ठेवायचा आणि हात एक सप्तक वर घ्यायचा. पांढरी पाचला उणे 5. काळी एकला अधिक 1, काळी दोनला अधिक 3. कागदावर लिहून पियानोला चिकटवा.

गोची दुसरीकडे आहे. या किमतीच्या पियानोंना स्क्रीन नसतो. फंक्शनचं बटण दाबून धरायचं आणि एखादी पट्टी दाबायची, तो ट्रान्सपोज. कितीवर आहे ते दिसत नाही. एकाने उणे 4 ठेवला आणि दुसरी गायिका आली की गोंधळ. प्रत्येक गाण्याआधी पांढरी एक वाजवून तानपुऱ्याशी ताडायची, हा एकच उपाय.

ऑटो-ऑफही काढून टाका. अर्धा तास कोणी वाजवलं नाही की एफपी-10 आपोआप बंद होतो. अध्यक्षांचं भाषण साधारण तेवढंच असतं.

प्रेषक: पेटीवाले काका / मंगळवार, दुपारी 1.05

भाषणाबद्दल सहमत. मनगटाबद्दल कोणी बोललं नाही.

प्रेषक: नाना (साउंड) / मंगळवार, रात्री 9.05

ताई, स्पीकरचा हिशोब बघा. पी-145 ला 7 वॅटचे दोन, एफपी-10 ला 6 वॅटचे दोन. वर्गाच्या खोलीला पुष्कळ, दीडशे माणसांच्या हॉलला शून्य. एफपी-30एक्स ला 11 चे दोन, तेही हॉलला पुरत नाहीत. म्हणजे मिक्सर टळत नाही, तो फक्त धड लागतो की नाही एवढाच प्रश्न.

एफपी-30एक्स च्या पट्ट्या एफपी-10 च्याच आहेत, तंतोतंत. जास्तीचे दीडएकशे पौंड जातात ते मोठे स्पीकर, लाइन आउट, ब्लूटूथवरून गाणी वाजवायची सोय आणि 96 ऐवजी 256 सूर एकत्र टिकण्याची क्षमता यांवर. मुलींच्या बोटांना काहीही फरक पडणार नाही, हे ताईंच्या बाजूने मान्य करतो. पण लाइन आउट लावली तरी स्पीकर चालू राहतात, हे माझ्या बाजूने लिहून घ्या.

प्रेषक: संगीतवर्ग (ताई) / मंगळवार, रात्री 9.30

मग ती पिनेची भानगड वायरने सुटत नाही का? एका बाजूला स्टिरिओ, दुसऱ्या बाजूला दोन मोनो अशी वाय-केबल मिळते ना?

प्रेषक: नाना (साउंड) / मंगळवार, रात्री 9.52

सुटते. पण अर्धीच.

वाय-केबलने डावा-उजवा वेगळे होतात, वजाबाकी थांबते. पण ती वायर अनबॅलन्स्ड. तीनएक मीटरपर्यंत ठीक, आपला मिक्सर हॉलच्या मागे वीस मीटरवर. तेवढ्या लांबीत वाटेतल्या दिव्यांची आणि डिमरची घरघर सगळी आत येते. म्हणून पियानोशेजारी दोन चॅनेलचा डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा): वाय-केबल त्यात, तिथून दोन एक्सएलआर (बॅलन्स्ड) वायरी स्टेजबॉक्सला, मिक्सरवर माइक इनपुट. पियानोचा आवाज साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवायचा आणि मग मिक्सरवर गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) लावायचा. हेडफोनचं आउटपुट पूर्ण उघडलं की आवाज फाटतो, फारच कमी ठेवलं तर गेनबरोबर हिस्स वर येतो. घूं आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबायचं. पियानोला लॅपटॉप यूएसबीने जोडलेला असेल तर आधी तो काढून बघायचा, दहातल्या आठ वेळा तोच असतो.

पॅसिव्ह डीआय चाळीसएक पौंडांत. पण वाजवणाऱ्याला मॉनिटर (स्वतःचं वाजवणं ऐकायचा स्पीकर) लागेलच, आणि कार्यक्रम चालू असताना 3.5 मिमीची पिन कोणाच्या साडीत अडकून निघाली तर साउंडने काय करायचं ते आधी ठरवा.

प्रेषक: एक पालक / बुधवार, सकाळी 9.10

विषयांतराबद्दल क्षमा. मुलगा सहा वर्षांचा, याच वर्गात नवा. घरी सरावाला 200 पर्यंत काय घ्यावं? "88 पट्ट्या" लिहिलेला एक 180 ला दिसतोय.

प्रेषक: संगीतवर्ग (ताई) / बुधवार, सकाळी 9.35

तो बाजूला ठेवा. बारीक अक्षरांत "सेमी-वेटेड" लिहिलेलं असेल. म्हणजे पट्टीखाली स्प्रिंग, हातोडा नाही. 88 आकड्याला भुलू नका, पट्टी खाली कशी जाते ते बघा. दोनशेत सहसा नवा हॅमर अ‍ॅक्शनचा मिळत नाही.

दोन रस्ते आहेत. वापरलेला यामाहा पी-45, नशिबाने या किमतीत मिळतो. नाहीतर पहिल्या वर्षापुरता कॅसिओ सीटी-एस300, 61 पट्ट्या पण दाब ओळखतो. सीटी-एस200 घेऊ नका. दिसायला तसाच, पण पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकच. त्यावर शिकलेल्या मुलाला सहा महिन्यांनी "हळू वाजव" सांगितलं की ते थांबून आपल्याकडे बघतं.

प्रेषक: वहिनी (नाटक) / बुधवार, सकाळी 11.20

वापरलेलाच घ्यायचा तर मंडळासाठी का नाही? एफपी-30एक्स किंवा जुना पी-125 (यालाही ऑक्स आउट, म्हणजे लाइन आउटच, आहे) लोक घर बदलताना काढतात. 500 मध्ये पेडल-स्टँडसकट बसेल.

फक्त बघायला जाल तेव्हा असं करा. आवाज मध्यम ठेवून डावीकडच्या टोकापासून 88 च्या 88 पट्ट्या अगदी हळू दाबत जा, सगळ्या एकाच जोराने. एखादी मध्येच किंचाळली तर तिच्याखालच्या रबरी संपर्कपट्टीत धूळ आहे. पियानो दोन संपर्कांमधल्या वेळेवरून जोर मोजतो. एक संपर्क नीट लागला नाही की वेळ चुकते आणि सूर पूर्ण जोरात वाजतो, नाहीतर वाजतच नाही. दुरुस्ती होते, पण सगळ्या पट्ट्या काढाव्या लागतात. मग पट्ट्या वरून बघा, एखादी शेजारणीपेक्षा खाली बसलेली नको. पेडल लावून, पाय न ठेवता, पियानो चालू करा. पेडलवर पाय ठेवून चालू केला तर बरेचसे पियानो उलटं समजतात: पाय काढला की सूर लांबतो. तो बिघाड नव्हे, बंद करून पुन्हा चालू करायचा. शेवटी अडॅप्टर मूळ आहे का ते बघा, खजिनदारांसाठी.

प्रेषक: खजिनदार / बुधवार, दुपारी 12.05

वापरलेल्याला पावती मिळणार का? पावतीशिवाय मला लेखापरीक्षणात उभं करू नका.

प्रेषक: दादा (वेबसाइट) / बुधवार, दुपारी 12.40

कपाट मोजलं. आतली रुंदी 122 सेंटिमीटर. एफपी-30एक्स 130, पी-145 आणि कॅसिओ 132 च्या वर. कुठलाच 88 वाला आडवा मावत नाही. तिरका, बॅगेसकट, एफपी-10 जेमतेम जाईल, पण मग सतरंज्या बाहेर.

प्रेषक: संगीतवर्ग (ताई) / बुधवार, रात्री 8.15

सतरंज्या बाहेर.

खजिनदारांना पावती हवी, म्हणजे नवा. नव्यात 500 च्या आत ग्रेड 5 ला चालणारा, म्हणजे एफपी-10. पी-145 बद्दल काकांना उद्या फोन करते. हिशोब: पियानो 410, स्टँड 30, बॅग 45. आणि पेडल वेगळं, कारण सोबत येणारं डीपी-2 म्हणजे चौकोनी बटण, फक्त चालू-बंद. मुलींना अर्धं पेडल (थोडंच दाबून सूर थोडाच लांबवणं) लागेल, त्यासाठी डीपी-10, 35 पौंड. एकूण 520. वीस कमी पडतात. वाय-केबल आणि डीआय साउंडच्या सदरातून घ्यावा अशी नानांना विनंती. मॉनिटर आपल्याकडे आहेच.

प्रेषक: नाना (साउंड) / बुधवार, रात्री 8.40

डीआय घेतो, केबलही घेतो. 3.5 मिमीची पिन पियानोच्या पायाला वेल्क्रोने बांधून मीच लावणार, दुसरं कोणी हात लावणार नाही. तेवढं मिनिट्समध्ये यावं.

बॅग आत्ता नको, जुन्या चादरीत गुंडाळा, वीस तिथे निघतील. आणि 30 च्या स्टँडमध्ये एक्स आकाराचा घेऊ नका. गुडघे आत जात नाहीत, सहा वर्षांच्या मुलासाठी खाली केला की आणखी रुंद पसरतो, आणि पेडल मागे सरकतं. टेबलासारख्या चार पायांचा बघा. पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून 72-73 सेंटिमीटर आली की पुरे, बाकी उंची खुर्चीवर गादी घालून.

प्रेषक: पेटीवाले काका / बुधवार, रात्री 9.00

चादर माझ्याकडे आहे. मनगटाचं राहिलंच.