मदत हवी आहे: घरच्या रेकॉर्डिंगसाठी पहिला कंडेन्सर माइक कोणता घ्यावा?

मध्यसप्तक:
मंडळी, घरच्या घरी गाणं आणि अभिवाचन रेकॉर्ड करायचं आहे, अधूनमधून अकूस्टिक गिटारही. खोली दहा बाय बारा फुटांची, फरशी उघडी, एक खिडकी रहदारीच्या बाजूला. पंखा तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो, लॅपटॉप मात्र त्याच टेबलावर असणार. बंद कपांचे हेडफोन आहेत, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) नाही. पैसे मोजकेच आहेत आणि लगेच दुसरी खरेदी जमणार नाही.

जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. यूएसबी घ्यावा की एक्सएलआर (तीन पिनांचा, इंटरफेसला लागणारा)? सेल्फ नॉइज २० डेसिबल असलेला माइक चालेल की ५ डेसिबलवाल्यासाठी थांबावं? आणि बीएम-८०० सारखे माइक, स्टँड, फिल्टर असं सगळं एकाच खोक्यात देणारे संच घेण्यात अर्थ आहे का?

खर्ज:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बीएम-८०० या नावाने बऱ्याच जणांचे माइक विकले जातात, आतला माल एकसारखा असेलच असं नाही. पण अशा संचात येणारी केबल बघा: एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी ३.५ मिमीची पिन. ती लॅपटॉपमध्ये खोचली की कंडेन्सर माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्टऐवजी (यालाच फँटम पॉवर म्हणतात, ती इंटरफेसकडून मिळते) जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. आवाज बारीक येतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन माइक बूस्ट चढवावा लागतो, आणि त्याबरोबर साउंडकार्डाची सगळी खरखर वर येते. शिवाय हल्ली बऱ्याच लॅपटॉपना हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो. त्यात ही पिन बसते, पण माइक ओळखला जात नाही. हा संच नकोच.

आता सेल्फ नॉइज. माइकच्या आतल्या सर्किटचा स्वतःचा जो आवाज असतो, त्याचा हा आकडा. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २० डेसिबल, एटी२०३५ चा १२, रोड एनटी१ च्या पाचव्या पिढीचा ४. आकडा कमी तितकं चांगलं, यात वाद नाही. पण तुमची खोली सगळं बंद केल्यावर ३० डेसिबलवर येते असं धरू (त्या खिडकीमुळे जास्तच असेल). ३० ची खोली आणि २० चा माइक मिळून होतात ३०.४ डेसिबल. तीच खोली आणि ५ चा माइक मिळून ३०.०१. म्हणजे इतका खर्च करून अर्धा डेसिबलही पदरात पडत नाही. खोली २० डेसिबलपर्यंत शांत झाली तर मात्र तोच फरक जवळपास ३ डेसिबल होतो, आणि हळू आवाजातल्या वाचनात तो ऐकू येतो. तुमच्या खोलीत आत्ता तरी माइकच्या आधी खोली ऐकू येणार. एटी२०२० च्या वर्गातला माइक घ्या आणि उरलेले पैसे चांगला स्टँड, पॉप फिल्टर (श्वासाचे फटके अडवणारी जाळी) आणि दोन जाड रजया यांवर घाला.

तारजोड:
खर्ज यांच्याशी सहमत. यूएसबी की एक्सएलआर याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

यूएसबी माइकमध्ये प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि डिजिटल कन्व्हर्टर आतच असतात. एक केबल लावली की काम सुरू. एका वेळी एकच आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर यूएसबीला नाक मुरडण्याचं कारण नाही. फक्त माइकलाच हेडफोनचा जॅक आहे ना, ते बघून घ्या. तो नसेल तर तुमचा आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात येतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सँपलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे जाताना ५.३ मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर ड्रायव्हरचा वेळ. बोलताना चालून जातं, पण गाताना हा उशीर तालाला नडतो.

खरी अडचण येते ती दुसरा माइक लावायची वेळ आली की. दोन यूएसबी माइकची घड्याळं वेगवेगळी चालतात, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. विंडोजवर एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठी वापरला जाणारा) ड्रायव्हर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण घेतो. तुम्ही गिटारचा उल्लेख केला आहे, म्हणून माझं मत एक्सएलआर माइक आणि दोन माइक इनपुटांचा इंटरफेस. एकाच इनपुटचा स्वस्त पडतो, पण मोहात पडू नका. दुसरं सोंग 'इन्स्ट्रुमेंट/लाइन' असं लिहिलेल्या इनपुटचं: तिथे ना माइक प्रीअँप असतो, ना ४८ व्होल्ट. खोक्यावर 'दोन इनपुट' असं वाचून घेतलं आणि दुसरा माइक लागलाच नाही, असं होतं. मागच्या-पुढच्या पॅनेलचा फोटो बघून एक्सएलआरची भोकं मोजा.

झाला:
धागाकर्त्यांना कंडेन्सरच का हवा आहे? रहदारीच्या बाजूची खिडकी, उघडी फरशी. अशा खोलीसाठी डायनॅमिक (कॉइल आणि चुंबकावर चालणारा, स्टेजवर वापरतात तसा) माइक सुचवतात ना? तो आजूबाजूचं कमी ऐकतो.

खर्ज:
हा समज फार पसरलेला आहे, म्हणून लिहितोच. दोन्ही माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारे) असतील, तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील आणि तुमच्या आवाजाची पातळी सारखी करून घेतली असेल, तर खोली आणि रहदारी दोघांतही जवळपास सारखीच येते. डायनॅमिक शांत वाटतो कारण तो ओठांपासून तीन-चार सेंटिमीटरवर धरतात आणि कंडेन्सर वीसवर. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र आहे तेवढाच राहतो. सगळी किमया त्या अंतराची.

उलट बाजूही बघा. शुअर एसएम५८ एका पास्कलला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, एटी२०२० सुमारे १४. म्हणजे डायनॅमिकला १७-१८ डेसिबल गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त लागतो. मोठ्याने गाणाऱ्याला हे जाणवणार नाही, पण हळू अभिवाचनाला स्वस्त इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि तिथे प्रीअँपचा 'स्स्स' सुरू होतो. गिटारच्या तारांवरची बोटांची बारीक सरसरही कंडेन्सर जास्त मोकळी पकडतो, त्याचा पडदा फार हलका असतो. गाणं, वाचन आणि गिटार हे तिन्ही असेल तर कंडेन्सर ही निवड बरोबरच आहे.

मध्यसप्तक:
खूप आभार, चित्र बरंच स्पष्ट झालं. एक्सएलआर आणि दोन माइक इनपुटांचा इंटरफेस हे नक्की. आता या खोलीत माइक ठेवायचा कुठे आणि रजया कुठे टांगायच्या? भिंतींना फोम चिकटवावा का?

तारजोड:
फोम नको. एक-दीड इंचाचा पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

कार्डिऑइड माइक समोरून सगळ्यात जास्त ऐकतो, दोन्ही बाजूंनी ६ डेसिबल कमी आणि बरोब्बर मागून सर्वांत कमी. म्हणून माइकची पाठ लॅपटॉप आणि खिडकी यांच्याकडे करा. याचा दुसरा अर्थ असा की माइकचं तोंड तुमच्याकडे आणि तुमच्या मागच्या भिंतीकडे आहे. रजई तुमच्या पाठीमागे टांगायची, माइकच्या मागे नव्हे. भिंतीला चिकटवू नका, हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर जागा सोडा, म्हणजे जरा खालचे स्वरही शोषले जातात. दुसरी रजई पायाखाली, उघड्या फरशीवर. खोलीच्या मधोमध उभं राहू नका, भिंतीला टेकूनही नको.

तोंडापासून माइक १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, फिल्टर आणि माइक यांच्यात पाच-सात सेंटिमीटर. एटी२०२० सारखे माइक कडेने ऐकतात, टोकाने नाही. आइस्क्रीमच्या कोनासारखा टोकाकडून तोंडासमोर धरला तर आवाज दूरचा आणि मळकट येतो. समोरची बाजू कंपनीच्या खुणेवरून ओळखा. 'प', 'फ', 'भ' यांचे फटके तरीही येत असतील तर माइक जरा वर घेऊन नाकाच्या रेषेत आणा आणि थोडा खाली झुकवा, श्वासाचा झोत खालून निघून जातो. १० सेंटिमीटरच्या आत गेलात तर आवाजात खर्ज वाढतो. वाचनाला तो कधीकधी छान वाटतो, पण मान हलली की स्वरूप बदलतं.

गिटारसाठी माइक भोकासमोर नको, तिथे गडगडाट होतो. बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी बारावी), २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि किंचित भोकाकडे वळवा.

स्टँड घेताना आटे बघा. ५/८ इंच आणि ३/८ इंच असे दोन माप चालतात, ती जुळत नसतील तर जोडणारी बारकी चुडी (अडॅप्टर) लागते.

मध्यसप्तक:
शेवटचा प्रश्न. फँटम पॉवर लावताना काही बिघडू शकतं का? आणि माल हातात आला की तो ठीक आहे हे कसं तपासायचं?

खर्ज:
क्रम असा ठेवा: गेन शून्यावर, केबल जोडा, मग ४८ व्होल्टचं बटण, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग गेन. काढताना उलट, आणि बटण बंद केल्यावरही थोडं थांबून केबल काढा. चालू फँटमवर केबल ओढली तर मोठा 'ठक्क' येतो, त्या वेळी हेडफोन कानावर नसावेत. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबला लावू नका, फँटमची वीजही त्याच पोर्टमधून यायची असते. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात चढा सूर -१२ ते -१० डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. लाल दिव्यापर्यंत न्यायची काहीच गरज नाही, फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. पंखा बंद, खिडकी बंद, नेहमीच्या गेनवर अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर मोठ्याने ऐका. एकसारखा मंद 'स्स्स' असेल तर ठीक. 'हम्म' असा जाड सूर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तो गेला तर दोष चार्जरच्या अर्थिंगकडे, माइककडे नाही. तळताना येते तशी अधूनमधून तडतड असेल तर आधी केबल बदलून बघा. तरीही राहिली तर कॅप्सूलमध्ये (माइकच्या आतला आवाज पकडणारा भाग) दमटपणा शिरलेला असू शकतो. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात एक दिवस ठेवून पुन्हा तपासा, आणि पुढेही काम नसताना माइक तसाच ठेवा. दिवसभरानंतरही तडतड तशीच असेल तर माइक बदलून घ्या.