ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मान्य, पण गोळीने काय होतं?

सडेतोड: "कोलेस्टेरॉलचं सोडा, हार्ट अटॅकचं मूळ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे, रोज ई जीवनसत्त्व घ्या." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी शरीराची केलेली नासधूस, आणि ई ती रोखतं असा त्या पोस्टचा हिशोब. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तराखाली अडकतं, तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि थर साचत जातो. पण मुळात एलडीएलच कमी असेल तर ऑक्सिडीकरण कशाचं होणार? २००० साली आलेल्या होप चाचणीत साडेनऊ हजार लोक होते. ज्यांना रोज ४०० युनिट ई दिलं, त्यांचे अटॅक साडेचार वर्षांत कमी झाले नाहीत.

निशाचर: पोस्ट माझी आहे. १९९६ची केऑस चाचणी सोयीस्कर विसरलात. ई घेणाऱ्यांत जीवघेणे नसलेले अटॅक खूपच कमी झाले होते.

सडेतोड: मृत्यू कमी झाले का? नाही. तेही लिहा ना.

नाडीपरीक्षा: दोघंही एलडीएललाच धरून बसलात. सुपरऑक्साइड, म्हणजे असाच एक आक्रमक रेणू, धमनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतं, मग धमनी सैल पडत नाही. ही क्रिया इतकी झटपट होते की गोळीतलं ई मध्ये पडायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. सुपरऑक्साइड तयारच कमी व्हावं, हे बघा. सिगारेट सोडा, बीपी आवरा. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही ते कमी होतं.

मीरा_२: स्टॅटिनचं नाव काढू नका! तीन महिन्यांत माझ्या मांड्या इतक्या दुखायला लागल्या की कठडा धरल्याशिवाय जिना चढवेना. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता "वय झालं" म्हणून सांगितलं.

सडेतोड: २०२०च्या सॅमसन चाचणीत अशाच त्रासाने स्टॅटिन सोडलेले ६० जण होते. औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही त्यांना जवळजवळ तितकाच त्रास झाला.

मीरा_२: म्हणजे मी खोटं बोलते?

नाडीपरीक्षा: सडेतोड, दुखणाऱ्या माणसाला आकडे तोंडावर फेकू नयेत. मीराताई, दुखणं खरंच असतं. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं. डॉक्टर बदला, पण उपचार सोडू नका.

सडेतोड: माझ्या वडिलांनी सोडले होते. "नैसर्गिक" म्हणून ईच्या गोळ्या सुरू केल्या. दीड वर्षाने पहाटे अटॅक आला. उशाशी तीच बाटली होती, अर्धी भरलेली. म्हणून आवाज चढतो माझा. मीराताई, चुकलं.

मीरा_२: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. डोसचं विचारेन. पण त्याच डॉक्टरांना नाही.

निशाचर: "कोलेस्टेरॉलचं सोडा" आणि गोळीचं वाक्य, दोन्ही काढतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं मात्र ठेवणार, ते चूक असल्याचं इथे कुणीच म्हणालेलं नाही.