‘फ्रोझन डेझर्ट आणा, त्यात दूध नसतंच’ असं बिनधास्त लिहिणाऱ्यांसाठी

दादरची_आई

परवा उन्हाळी खाऊच्या धाग्यावर पार्लेकर_६२ यांनी लिहिलं: “घरी नारळाचं दूध काढून आइस्क्रीम करत बसणं ही रिकामटेकड्यांची हौस. दूध नको असेल तर दुकानातून फ्रोझन डेझर्ट आणा, त्यात दूध नसतंच, पाम तेल असतं.” खाली अकरा जणांचे अंगठे. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध न पचणं वेगळं. त्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज कमी पडतं, पोट फुगतं, कळा येतात, पण माणूस सावरतो. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. दीड वर्षापूर्वी एका वाढदिवसाला यजमानांनी अगदी प्रेमाने हाच सल्ला पाळला आणि पोराला फ्रोझन डेझर्टचा कप दिला. रात्री दोनपर्यंत आम्ही हॉस्पिटलात होतो.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आइस्क्रीम म्हणायला किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. त्याऐवजी वनस्पती तेल वापरलं की नाव फ्रोझन डेझर्ट होतं. बदलतो तो स्निग्धांश. दुधाची पावडर बहुतेक वेळा आतच असते, म्हणजे ज्या प्रथिनांनी माझं पोर काळंनिळं पडलं तीच.

म्हणून मी घरी करते. एक मोठा नारळ, कपभर कोमट पाणी, मिक्सर, पंचातून पिळून घट्ट रस. दोन चमचे नाचणीचं सत्त्व थोड्या पाण्यात शिजवून घ्यायचं, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. गार झाल्यावर रसात मिसळून स्टीलच्या पसरट डब्यात फ्रीझरला. दोन तासांनी कडा धरल्या की बाहेर काढून परत मिक्सरला, असं तीनदा. सत्त्व पाणी धरून ठेवतं, बर्फाचे खडे होत नाहीत. मिश्रण चाखताना थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे, गार झाल्यावर गोडी कमी जाणवते.

ही हौस नाही. पोराला इतर मुलांसारखं काहीतरी चाटता यावं एवढंच आहे.

पार्लेकर_६२

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण मी सर्वसाधारण माणसांसाठी लिहिलं होतं, ॲलर्जीवाल्यांसाठी नाही. आमच्या लहानपणी गिरगावात चाळीस बिऱ्हाडांची चाळ होती, एकालाही दूध चालत नाही असं ऐकलं नव्हतं. गच्चीवर आइस्क्रीमचा संचा फिरवायचो, बर्फात खडेमीठ घालून, आळीपाळीने. म्हशीचं दूध आटवलेलं. आता ज्याला त्याला काहीतरी चालत नाही.

कुर्ला_पूर्व

काका, ऐकलं नव्हतं म्हणजे नव्हतं असं नाही. माझी आजी आयुष्यभर “मला दुधाचा वास आवडत नाही” म्हणायची. चहा कोराच. तिला त्रास व्हायचा हे आम्हाला ती गेल्यावर आईकडून कळलं. बायका बोलत नव्हत्या.

साखर_तपासा

धागाकर्तीच्या मुलाबद्दल पूर्ण सहानुभूती. पण ‘डेअरी-फ्री म्हणजे हेल्दी’ हे जे सगळीकडे चाललंय त्याला माझा ठाम विरोध. नारळाच्या तेलातली जवळजवळ 90 टक्के चरबी संपृक्त असते, दुधाच्या चरबीत साधारण 65. मग हृदयाला हेल्दी काय झालं? आणि गूळ. माझ्या नवऱ्याला दहा वर्षं मधुमेह. नणंदेने ‘शुगर फ्री’ म्हणून खजुराची कुल्फी आणली, त्याने दोन खाल्ल्या, सकाळी साखर 290. खजुरात निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं! गूळ काय, खजूर काय, रक्ताला फरक कळत नाही.

दादरची_आई

मी कुठेही हेल्दी लिहिलेलं नाही, कृपया परत वाचा. चरबीचा आकडा मान्य. मुलाला मी आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने सहा-सात चमचे देते, वाडगा नाही. गूळही मान्य. पण साखर एका मर्यादेखाली गेली की डब्यात दगड होतो, कारण विरघळलेली साखरच पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढते. ‘बिनसाखरेचं मऊसूत आइस्क्रीम’ म्हणून व्हिडिओ टाकणारे पुढच्या दिवशी तो डबा उघडून दाखवत नाहीत.

ठाण्याचा_वीगन

केळं घ्या ना! साल काळी पडलेली वेलची केळी, चकत्या करून रात्रभर फ्रीझरला, सकाळी मिक्सर. वेगळी साखर नाही, नारळ नाही. केळ्यातल्या पेक्टिनमुळे लोण्यासारखं होतं. आणि दूध सोडायला ॲलर्जीच कशाला हवी? गोठ्यातल्या म्हशींची अवस्था आरे कॉलनीत जाऊन बघा.

साखर_तपासा

पिकलेल्या केळ्यात साखर नसते का?

ठाण्याचा_वीगन

असते, पण तंतूंसकट. बरं, मधुमेह्याने अर्धं केळंच खावं, हे मान्य.

राजापूरचो_आंबो

केळी, नारळ सगळं ठीक, पण मे महिन्यात मुंबईत राहून आंबा कोणीच कसा काढला नाही? हापूसचा रस, थोडी साखर, लिंबाचे चार थेंब, डब्यात घालून फ्रीझर. दूध नाही, पाणी नाही, सत्त्व नाही. हापूसचा गर मुळातच घट्ट आणि बिनरेषांचा, खडे धरतच नाही.

गिरगावची_सुगरण

हापूस मिक्सरमध्ये घालणं हा अपराध आहे. हापूस कापून खायचा. रसाला पायरी. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या रस पायरीचाच.

राजापूरचो_आंबो

ताई, जेवणातल्या रसाला पायरी, एकदम कबूल. पण पायरी पातळ, तिच्यात पाणी जास्त, गोठवलीत की कचकच लागते. करून बघा आणि मग बोला. आणि कापून खायचा हापूस मी डब्यात घालायला सांगत नाही. आमची राजापुराला कलमं आहेत. डागी, मऊ पडलेला, एका बाजूने साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघालेला आंबा बाजारात कोणी घेत नाही. साका कापून टाकला की उरलेला गर सोन्यासारखा. तो वाया जाताना बघवत नाही.

पार्लेकर_६२

राजापूरकर, कलमं तुमची असतील. आम्हाला मुंबईत पेटीवर ‘देवगड’ लिहिलेलं दिसतं आणि आत कर्नाटकातला माल निघतो. गेल्या वर्षी पाच डझनांची पेटी घेतली, वरचा थर खरा, खालचे तीन थर भलतेच. त्याचा रस काढून काय करणार?

राजापूरचो_आंबो

हेच तर आमचं रडगाणं आहे काका! 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला हापूस म्हणून विकता येत नाही. तरी वाशीच्या बाजारात दोन्ही पेट्या शेजारी शेजारी असतात, आणि भाव आमचा पडतो. माझ्या वडिलांनी फवारणीचं कर्ज फेडण्यासाठी दोन वर्षं माल अर्ध्या भावात दिला. तुम्ही फसलात तर पाच डझनांत फसलात. आम्ही अख्खा हंगाम गमावतो.

गिरगावची_सुगरण

शेतकऱ्यांबद्दल आदर आहे, पण पायरीला कचकच म्हणणं मला सहन होणार नाही. आटवा ना आधी! जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मा होईपर्यंत. मग गोठवा.

राजापूरचो_आंबो

आटवलात की ताज्या आंब्याचा वास गेला. मग तो आंबा राहिला कुठे? साटं झालं ते.

गिरगावची_सुगरण

साटांना नावं ठेवू नका.

कुर्ला_पूर्व

आंब्यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज. एक आई पोराच्या श्वासाबद्दल लिहितेय आणि पंधरा प्रतिसाद पायरीवर. मला खरं विचारायचं होतं: शाळेबाहेरचा गोळा आणि प्लास्टिकच्या नळीतली ‘पेप्सी’ मुलाला चालते का? त्यात तर दूध नसतं.

दादरची_आई

धन्यवाद. दूध नसतं, पण मी देत नाही. प्रश्न बर्फाचा आहे. 2018 मध्येच राज्यात नियम आला की न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा, म्हणजे मासे ठेवायचा बर्फ सरबतात जाऊ नये. तरी गाडीवरची लादी कुठून आली हे मला कळायला मार्ग नाही. मी घरी अमृतकोकम पाण्यात मिसळून कुल्फीच्या साच्यात घालते. आगळ नको, ते खारट असतं. पोर म्हणतं काळाखट्टापेक्षा भारी.

राजापूरकर, तुमचा डबा करून पाहीन. त्याला आंबा चालतो.

आणखी एक, हे सगळ्यांनी वाचा: मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. ज्यात लस्सी फिरवली त्याच भांड्यात, वरवर धुऊन, नारळ वाटला तरी ॲलर्जीच्या मुलाला पुरतं. झाकणाच्या रबरात दूध अडकतं. माझ्याकडे लाल झाकणाचं भांडं त्याचं एकट्याचं आहे. सासूबाईंना हे पटायला वर्ष लागलं, आता त्याच सगळ्यांना ओरडतात.

साखर_तपासा

रबराचं माहीत नव्हतं. हे वर धाग्यात घाला, खाली कोणी वाचत नाही. नाचणीचं सत्त्व घालता तेही चांगलं, दूध बंद असलेल्या मुलाला कॅल्शियम कुठून तरी मिळायला हवं. पण दोन चमच्यांनी भागणार नाही. नाचणीची भाकरी, तीळ रोज द्या. नारळाच्या रसात कॅल्शियम नसल्यात जमा असतं, त्याला ‘दूध’ म्हणतात म्हणून दुधाची जागा तो घेत नाही.

दादरची_आई

देते. तिळाची चटणी रोज. आणि वर घातलं.

पार्लेकर_६२

आत्ता फ्रीझरमधला डबा काढला. चष्मा लावून मागचं बारीक वाचलं. दुसऱ्या क्रमांकावर मिल्क सॉलिड्स, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत ‘दूध आहे’ अशी सूचना. इतकी वर्षं डबा उलटा करून पाहिला नव्हता. त्या धाग्यावरचा माझा प्रतिसाद संपादित केला आहे, चूक झाली असं लिहिलंय. ते अकरा अंगठेवाले परत येऊन वाचतील की नाही ते माहीत नाही, म्हणून त्यातल्या ओळखीच्या चौघांना फोन केले.

संच्यातल्या म्हशीच्या दुधाच्या आइस्क्रीमबद्दल मात्र मी एक शब्द मागे घेणार नाही.

गिरगावची_सुगरण

घेऊही नका. त्यात पायरीचा आटवलेला रस घालत असत, आठवतंय ना?

पार्लेकर_६२

हापूस घालायचे, वहिनी.