मदत हवी आहे: सव्हानात चार दिवस, आम्ही दोघंच

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. अटलांटाहून गाडीने जॉर्जिया राज्यातल्याच सव्हाना शहराला जायचं ठरतंय. मुलं झाल्यापासून असं दोघंच कुठे गेलेलो नाही, म्हणून बेत नीट जमावा असं फार वाटतंय.

१७३३ साली वसलेलं गाव, २२ जुने चौक, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारी ती शेवाळासारखी करडी झुलपं. हिला तिथल्या बाकांवर निवांत बसायचंय. अडचण हिच्या गुडघ्याची. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटवर जहाजांतून वजनासाठी आणलेले गोटे अंथरलेत, खाली उतरायचे दगडी जिनेही खडे. मागे एकटा गेलो होतो तेव्हा माझाच पाय मुरगळता मुरगळता राहिला. टायबी बेटावरच्या दीपगृहाच्या १७८ पायऱ्या तर सोडूनच दिल्या.

मग राहायचं कुठे, फोर्साइथ पार्कजवळ की नदीकडे? जुन्या घरातल्या खोल्या आवडतात, पण लिफ्ट असलेलं एखादं ठिकाण माहीत आहे का? शिवाय आम्ही शाकाहारी. तिकडे पालेभाजीतही डुकराचं मांस पडतं, तेव्हा खात्रीची जागा सांगा. चार्ल्स्टन शहर तिथून दोन तासांवर आहे. एका दिवसात धावतपळत करावं की राहू द्यावं? १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डे या सणाची गर्दी टाळून तारखा धरतोय.