शब्दचर्चा : 'अल्जिब्रा'तला जब्र आणि आपला मुकाबला

प्रश्न : 'अल्जिब्रा'चा 'जबरदस्ती'शी काही संबंध आहे का?

माझ्या मते नाही. जबरदस्त फारसी आहे. 'ज़बर' म्हणजे वर, 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. अल्जिब्रातला 'जब्र' अरबी. त्याचा अर्थ सक्ती असाही होतो, पण गणितात घ्यायचा तो 'मोडलेलं सांधणं' हा. हाड बसवणं हेही जब्रच. स्पेनमध्ये तर हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत.

इ.स. 820च्या सुमारास बगदादमध्ये गणितज्ञ अल-ख्वारिज्मीने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'हिसाब', 'अल-जब्र' आणि 'अल-मुकाबला' हे शब्द आहेत. म्हणजे आपला हिशेब आणि आपला मुकाबला! त्याच्याकडे चिन्हं नव्हती, सगळं शब्दांत. अज्ञात राशी म्हणजे 'शय' (वस्तू) किंवा 'जिज़्र' (मूळ), आणि तिचा वर्ग म्हणजे 'माल'. हाच माल आपण दुकानात भरतो.

त्याचंच एक उदाहरण बघा : एक माल म्हणजे 40 वस्तू उणे 4 माल. उजवीकडच्या 40 वस्तू 4 मालांनी तुटलेल्या आहेत. ती तूट भरून काढायची आणि डावीकडेही तितकंच घालायचं. 5 माल म्हणजे 40 वस्तू, तर 1 माल म्हणजे 8 वस्तू. माल हा वस्तूचाच वर्ग, म्हणून वस्तू 8. हा जब्र. शाळेत आपण 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' एवढंच घोकलं. का बदलतं, ते हा एक शब्द सांगून जातो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारखं तेवढं कापणं. एकीकडे 50 आणि माल, दुसरीकडे 29 आणि 10 वस्तू. 29 दोन्हीकडून गेले, उरले 21 आणि माल बरोबर 10 वस्तू. मराठीत मुकाबला म्हणजे आता सामना, झुंज. पण मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहणं हा त्याचा जुना अर्थ गणिताच्या किती जवळचा आहे!

1145मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हियात रॉबर्ट ऑफ चेस्टर या इंग्रज अनुवादकाने ग्रंथ लॅटिनमध्ये नेला. पुढे युरोपात मुकाबला गळाला, जब्र तेवढा टिकला. आपण मात्र 'बीजगणित' म्हणतो. भास्कराचार्यांच्या 1150च्या ग्रंथाचं तेच नाव.

उपप्रश्न : त्या ग्रंथाच्या नावात 'किताब'ही आहे. कुस्तीत पटकावतात तो हाच का?

नाही, तो 'ख़िताब', म्हणजे पदवी. मराठीत ख चा क झाला आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागले.